मे महिन्यातली अंडी

बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पाळण्यावरची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली आहेत. अंडी उबवण्याचं प्रकरण त्यांत सुरू होतं ते पेटी गरम कशी ठेवायची इथून. आमच्या जिते गावात प्रश्न नेमका उलटा असतो. अंडी येतात एप्रिल-मेमध्ये. तेव्हा स्लॅबखालच्या खोलीत दुपारचा पारा सहज ३५ च्या पुढे जातो, आणि अंड्यांना हवे असतात २८ ते ३० अंश, तेही दिवसरात्र, दोन महिन्यांच्या आसपास. बाजारात मिळणारा साधा थर्मोस्टॅट बल्ब चालू-बंद करतो, खोली गार करत नाही. त्यामुळे माझी पहिली उबवणपेटी म्हणजे मासळीबाजारातली थर्मोकोलची पेटी होती. ती तळमजल्यावर, जोत्याच्या गार लादीवर ठेवायची, आत दोन्ही बाजूंना बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या आणि मधे अंड्यांचा डबा. बाटल्या वितळल्या की बदलायच्या, रात्रीसुद्धा. आता पेल्टिअर या विजेच्या शीतक यंत्रणेवर चालणारी छोटी गार पेटी आहे आणि तिला इन्व्हर्टर जोडलेला आहे, तरी दिवसातून अनेकदा कमाल-किमान तापमापकाकडे नजर जातेच.

पनवेल-रोहा मार्गावरचं आमचं जिते. आजूबाजूला हमरापूर, जोहे, कळवे ही गणपतींच्या कारखान्यांची गावं. मे-जूनमध्ये इथे कारखान्यातला प्रत्येक जण हवेतल्या ओलाव्यावर डोळा ठेवून असतो, कारण मूर्ती वाळायच्या असतात आणि रंग धरायचा असतो. माझं लक्षही त्याच ओलाव्याकडे, कारण वेगळं. हा सरडा मध्य आणि पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या आतल्या भागातला. हवेत तीस-चाळीस टक्के आर्द्रता असली की तो सुखात असतो. आपल्याकडे जुलैत ती नव्वदीला जाते. सतत दमट हवेत त्याच्या छातीला संसर्ग होतो, तोंड उघडं टाकून, घरघर करत तो श्वास घ्यायला लागतो. म्हणून त्यांची खोली वरच्या मजल्यावर, भिंतींना ओल न येणारी, आणि पावसाळ्यात दिवे लागले की खिडकी थोडी उघडी. दिव्याच्या उष्णतेने आतली हवा कोरडी राहते. झडीच्या दिवसांत मात्र डीह्युमिडिफायरशिवाय भागत नाही.

शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. शेपटीसकट दीड ते दोन फूट. चपटं अंग, कडेने मऊ काट्यांची झालर, आणि गळ्याखाली काट्यांची पिशवी, जी रागात किंवा माजावर फुगते आणि काळी पडते. हीच ती दाढी. आपल्या कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा आणि हा एकाच कुळातले, अ‍ॅगॅमिडी. माना हलवण्याची तऱ्हा बघितली की नातं पटतं. कुंपणावरचा मात्र पकडून आणायचा नाही. तो तिथेच शोभतो, आणि पेटीत ठेवला तर खाणंपिणं सोडून मरतो. पाळायचा तो पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात जन्मलेलाच. ऑस्ट्रेलिया आपले रानातले प्राणी व्यापारासाठी देशाबाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे जगभरच्या घरांतले बिअर्डेड ड्रॅगन पूर्वी बाहेर गेलेल्या मोजक्या जनावरांच्या वंशातले आहेत. या गोष्टीची दुसरी बाजू पुढे येते.

त्याच्या पेटीत दोन हवामानं लागतात. एका टोकाला दिव्याखाली दगड, त्याचा पृष्ठभाग ४० अंशांच्या आसपास. दुसरं टोक २५ ते २८. तापलेल्या दगडावर पोट टेकून तो सकाळी ऊब घेतो, तेव्हाच त्याचं पोट अन्न पचवू लागतं. दिवा बंद पडला तर खाल्लेला किडा आतच कुजतो. दुसरा दिवा अतिनील-बी किरणांचा. तो नसेल तर शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, ड-३ नसेल तर कॅल्शिअम शोषलं जात नाही, आणि मग शरीर हाडांतून कॅल्शिअम काढायला लागतं. जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, कणा वाकडा होतो. पाळीव सरडे मरतात ते पुष्कळदा अशा उपाशी हाडांनी, आणि बघणाऱ्याला तो महिनोन्‌महिने ठीकच वाटत असतो. अतिनील दिवा जळत राहिला तरी त्याचे किरण सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात, हे विकत घेणाऱ्याला मी दरवेळी सांगतो. काचेतून हे किरण आत येत नाहीत, म्हणून खिडकीतलं ऊनही उपयोगाचं नाही. कोकणाने या बाबतीत मात्र भरभरून दिलं आहे. दिवाळीपासून मेपर्यंत सकाळचं कोवळं ऊन फुकट आहे. जाळीच्या पिंजऱ्यात त्यांना गच्चीवर नेतो, अर्ध्या भागावर सावली धरतो आणि स्वतः शेजारी बसतो, कारण घारी आणि कावळे लांबून बघत असतात. उन्हात पाच मिनिटांत त्यांचा रंग उजळतो. तो नारिंगी कुठल्याही दिव्याखाली तसा दिसत नाही.

खाण्याचा अर्धा उद्योग म्हणजे किडे वाढवणं. रातकिडे, डुबिया झुरळं, मीलवर्म. मीलवर्म गव्हाच्या कोंड्यात वाढतात. पेणला पोह्यांच्या गिरण्या आहेत म्हणून भाताचा कोंडा वापरा असं कुणी सुचवतं, पण त्यातलं तेल दमट हवेत खवट होतं आणि बुरशी धरतं. पिल्लांना किडा द्यायचा तो त्यांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नाही. मोठा दिला तर आतड्यात अडकतो, मागचे पाय लुळे पडतात. प्रत्येक किडा कॅल्शिअमच्या भुकटीत घोळवायचा. वय वाढतं तसा आहार उलटतो, किडे कमी होत जातात आणि पाला वाढत जातो. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, लाल भोपळा किसून. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शिअमला धरून ठेवतं. शेजारच्या काकू पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “अरं, ह्यो तं शेरडासारखा पाला खातो!” तेव्हापासून त्यांच्या परसातली जास्वंद आमच्या सरड्यांची झाली आहे.

मेच्या शेवटी एक खास काळजी. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे काजवे चमकतात आणि दिव्याच्या खोलीत एखादा शिरतोच. अमेरिकेतल्या फोटिनस जातीच्या काजव्यांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि एक काजवा गिळून बिअर्डेड ड्रॅगन तासाभरात मेल्याच्या नोंदी तिथे झाल्या आहेत. त्याच्या मूळ प्रदेशात असला किडा नाही, म्हणून तो बेधडक गिळतो. आपल्या काजव्यांची परीक्षा आपल्या जनावरावर करण्यात काही अर्थ नाही. त्या दिवसांत खिडक्यांना बारीक जाळी लागते आणि संध्याकाळी दिवे लवकर मालवतात.

आता अंड्यांविषयी. ऑस्ट्रेलियात वसंत ऋतू सप्टेंबरला येतो, इथे या जनावरांनी आपलं वर्ष फिरवून घेतलं आहे. डिसेंबरात दिवस लहान झाले की ती खाणं कमी करतात, कोपऱ्यात डोळे मिटून पडून राहतात. ही विश्रांती झाली की फेब्रुवारीत नराची दाढी काळी पडते. दीड वर्षाच्या आतल्या मादीला मी नराजवळ नेत नाही, वजन भरलेलं असलं तरी. तिच्या स्वतःच्या हाडांची वाढ होत असताना अंड्यांची कवचं बनवायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. नर मानेला जोरजोराने झटके देतो. मादी संथपणे मान हलवते आणि एक पुढचा पाय उचलून हवेत गोल फिरवते, जणू कुणाला निरोप देते आहे. काम झालं की दोघं लगेच आपापल्या पेट्यांत. एकत्र ठेवली तर नर तिला चैन पडू देत नाही.

महिना-सव्वा महिन्याने तिच्या पोटावर गोट्यांसारखे उंचवटे दिसायला लागतात. मग ती खाणं सोडते आणि काच खरवडते. तेव्हा तिला खोल टबात हलवायचं, फूटभर ओलसर माती-वाळू भरलेली. रेती नदीची, धुतलेली. खाडीची खारट रेती चालत नाही. मातीची परीक्षा सोपी, मूठ दाबली की गोळा व्हावा आणि पाणी गळू नये. ती पुढच्या पायांनी उकरते, मागच्यांनी माती बाहेर फेकते. कधी अर्धं बीळ खणून सोडते आणि दुसऱ्या कोपऱ्यात नव्याने सुरुवात करते. पसंत पडलं की बिळात आत जाते, वळते आणि तोंड बाहेर ठेवून अंडी घालू लागते. डोळे अर्धे मिटलेले, बाजू आत-बाहेर होत असतात. मी त्या वेळी टबावर फडकं टाकतो आणि एका कोपऱ्यातूनच बघतो. संपलं की ती माती ओढून घेते आणि नाकाने ठोकून ठोकून बसवते, इतकी की वरून काही कळू नये. बाहेर येते तेव्हा मादी ओळखू येत नाही, कडेची कातडी सैल पडलेली आणि कंबरेची हाडं वर आलेली. आधी तिला पाणी, कॅल्शिअम आणि दोन-तीन दिवस भरपेट खाणं. अंडी थोडा वेळ मातीत थांबू शकतात, पण दिवसभरापेक्षा जास्त नाही.

पंधरा ते तीसच्या दरम्यान अंडी असतात, पांढरी, चिवट कवचाची, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. उचलण्याआधी प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलने ठिपका काढायचा. कोंबडीचं अंडं फिरवत राहावं लागतं. इथे ते फिरवलं तर गर्भ मरतो, कारण तो कवचाच्या आतल्या बाजूला वरच्या अंगाला चिकटलेला असतो. म्हणून ठिपका शेवटपर्यंत वर. व्हर्मिक्युलाइट हे ओलावा धरणारं खनिज आणि पाणी वजनाने सारखं घेऊन डब्यात भरायचं, अंगठ्याने खळगे करायचे आणि अंडी त्यांत अर्धी बुडवायची. आठवड्याने अंधारात खालून बारीक टॉर्च लावली की जिवंत अंड्यात गुलाबी उजेड आणि त्यात लाल रेषांचं जाळं दिसतं. वांझ अंडं पिवळं दिसतं आणि लवकरच बुरशी धरतं.

तापमानाचा एवढा आटापिटा केवळ जगण्या-मरण्यासाठी नाही. या सरड्यात नर-मादी गुणसूत्रांनी ठरते, नर झेडझेड आणि मादी झेडडब्ल्यू. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर झेडझेड असलेल्या पिल्लांपैकी काही मादी म्हणून जन्मतात. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या कॅनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेत दाखवून दिलं. २०१५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात क्लेअर हॉलेली आणि सहकाऱ्यांनी रानातही हे घडतं असं सिद्ध केलं: पकडून तपासलेल्या १३१ सरड्यांपैकी ११ माद्या गुणसूत्रांनी नर होत्या, आणि त्या प्रदेशाच्या अधिक उष्ण भागातल्या. अशा माद्या नेहमीच्या माद्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट अंडी घालतात. त्यांची संतती झेडझेडच, म्हणजे नर-मादी ठरवणं पुढच्या पिढीत पूर्णपणे हवेच्या हाती जातं. पृथ्वी तापण्याचे परिणाम समजून घेण्यासाठी हा सरडा जगभरच्या शास्त्रज्ञांना का महत्त्वाचा वाटतो ते मला मेच्या दुपारी आपल्याच घरात कळतं. वीज गेली आणि पेटी ३४ वर गेली, तर मी विकताना ‘नर’ किंवा ‘मादी’ म्हणतो तो शब्दही खरा राहत नाही.

दोन महिन्यांनी अंड्यांवर दवासारखे थेंब जमतात, ती खचतात, खळगा पडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला अंडी सडली असं वाटतं. मग एखाद्याच्या माथ्यावर चीर उमटते, नाकाच्या टोकावरच्या अंडदाताने फाडलेली. चिरेतून पांढरट द्रव बाहेर येतो, मग नाक, मग एक डोळा. आणि पिल्लू तिथेच थांबतं. कधी काही तास, कधी पूर्ण दिवस. ते थकलेलं नसतं. पोटातला उरलेला बलक आत ओढून घेत असतं. त्या वेळी मदत म्हणून कवच सोललं तर बलकाची पिशवी फाटून पिल्लू मरतं, म्हणून त्या दिवशी खोलीत मुलांना येऊ देत नाही. बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम चार इंच, वजन दोन-तीन ग्रॅम. पहिले एक-दोन दिवस ते खात नाही. नंतर दिवसातून तीनदा खायला लागतं, आणि उशीर झाला तर शेजारच्या भावंडाच्या पायाची बोटं आणि शेपटीचं टोक खातं. म्हणून आकारानुसार वेगळं करणं रोज चालू असतं. जूनअखेर पाऊस कोसळत असतो, आणि त्याच वेळी पिल्लांना सगळ्यात कोरडी हवा हवी असते.

एका मिलनातून मादी वीर्य साठवून ठेवते आणि त्याच हंगामात पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते. सगळी उबवली तर एका जोडीपासून वर्षात साठ-सत्तर पिल्लं होणं अवघड नाही. इथेच या छंदाची खरी कसोटी आहे असं मी मानतो. पिल्लू नीट पाळलं तर दहा-बारा वर्षं जगतं. त्याला घेणाऱ्याकडे पेटी, दोन दिवे, थर्मोस्टॅट, किडे, आणि सरड्यावर उपचार करू शकणारा पशुवैद्य हवा, आणि या सगळ्याचा खर्च पिल्लाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. पेण-पनवेल पट्ट्यात अशी घरं दरवर्षी साठ निघत नाहीत. म्हणून मी एकाच वेतातली अंडी ठेवतो. नंतरची, मादीने घातली त्याच दिवशी, गर्भ अगदी प्राथमिक अवस्थेत असताना, फ्रीझरमध्ये टाकतो. हे वाचून कुणाला वाईट वाटेल. मलाही ते सोपं जात नाही. पण दुकानाच्या काचेत, दिव्याविना, एकमेकांच्या अंगावर पडून मरणारी पिल्लं मी पाहिली आहेत, आणि तिथे आपल्या घरातलं एक गेलं तरी मला ते चालणार नाही.

रंगांच्या मागे धावण्याबाबतही हेच. ‘लेदरबॅक’ म्हणून एक प्रकार आहे, पाठीवर काटे कमी आणि रंग उठून दिसणारा. दोन लेदरबॅक एकत्र आणले तर चौथा हिस्सा पिल्लं ‘सिल्कबॅक’ जन्मतात, अंगावर खवलेच नाहीत. फोटोत ती मखमली दिसतात. प्रत्यक्षात त्यांची कातडी साध्या दगडानेही फाटते, कात सोडताना बोटं आवळली जातात आणि ऊनही सोसत नाही. बाजारात त्यांना किंमत येते, तरी दोन लेदरबॅक मी जुळवत नाही. लेपर्ड गेको या दुसऱ्या लोकप्रिय पाळीव पालीतलं ‘लेमन फ्रॉस्ट’चं उदाहरण जगभरच्या छंदींना ठाऊक असावं. एका अमेरिकी पैदासकाराने या लिंबाच्या रंगाच्या पालीसाठी लिलावात हजारो डॉलर मोजले. पुढे त्याच रंगाच्या पिल्लांच्या अंगावर गाठी उठायला लागल्या. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिओनिड क्रुग्लियाक यांच्या प्रयोगशाळेने त्यांचा अभ्यास केला आणि २०२१ मध्ये जाहीर केलं की रंग देणारी गोष्ट आणि रंगपेशींचा कर्करोग एकाच ‘स्पिंट-१’ जनुकाच्या भागाशी जोडलेले आहेत. लेमन फ्रॉस्ट पालींपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्तींना हा रोग होतो. त्या पैदासकाराने नंतर तो वंश वाढवणं थांबवलं. मोजक्या जनावरांतून वाढलेल्या वंशात, आई-बाप कोण, आजा-आजी कोण, हे लिहून ठेवणं म्हणूनच केवळ टापटीप नाही.

माझ्याकडे वही आहे. पिल्लाबरोबर त्यातला एक कागद जातो: अंडं कधी आलं, कोणत्या अंशावर उबवलं, आई-बाप, काय खातं, वजन कसं वाढलं. कायद्याचा कागद वेगळा. रानातला आपला कुठलाही सरपटणारा प्राणी घरात आणायचा नाही, हे ज्याला माहीत नाही त्याच्याशी मी व्यवहारच करत नाही. परदेशी प्राण्यांचं पाहिलं तर वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या परिशिष्टांतल्या प्रजाती त्यात चौथ्या अनुसूचीत आल्या. त्या पाळणाऱ्याने ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करायची असते, जन्म-मृत्यूही कळवायचे असतात. २०२४ मध्ये त्याचे नियम आले. हिरवा इग्वाना या यादीत आहे, तरी कागदाविना विकले जाणारे इग्वाना दिसतात. त्यांची मला जास्त भीती वाटते. बिअर्डेड ड्रॅगन कुणी रानात सोडलाच तर आपल्या पहिल्या पावसात मरेल, तेही वाईटच. इग्वाना मात्र पाच फूट वाढतो, पाला खातो आणि त्याला दमट हवा मानवते. खाडीकाठच्या झाडीत तो टिकूही शकेल. म्हणून कुठलीही परदेशी प्रजाती घेण्याआधी ती परिशिष्टात आहे का ते वन विभागाकडे विचारावं, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

घ्यायला येणारे खारघरहून येतात, अलिबागहून येतात, रोह्याहून गाडीने येऊन जिते स्टेशनवर उतरतात. बसच्या डिकीतून किंवा पार्सलने मी पिल्लू पाठवत नाही. आधी त्यांनी आपल्या घरची पेटी दिवे लावून, आत तापमापक ठेवून, त्याचा फोटो पाठवायचा. आठ आठवड्यांच्या आधी पिल्लू हलत नाही. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी साल्मोनेलाचं सविस्तर सांगतो: सरड्याच्या विष्ठेत हा जंतू असू शकतो, २०१४ मध्ये अमेरिकेत बिअर्डेड ड्रॅगनमुळे त्याची साथ आली होती, हात साबणाने धुतल्याशिवाय मुलाला जवळ घ्यायचं नाही, सरड्याची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत. एवढं ऐकून काही जण परत जातात. त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो.

मागच्या पावसाळ्यात रोह्याच्या एका कॉलेजच्या मुलाने नर नेला होता. गणपतीनंतर त्याचा फोन आला: “दादा, एकटा कंटाळतो, अजून एक द्या ना.” त्याला समजावून सांगितलं की हा प्राणी एकटाच राहतो, दुसरा आला की एक जण दिव्याखालचा दगड बळकावतो आणि दुसरा उबेविना, खाण्याविना झुरतो. दुसरं पिल्लू मी दिलं नाही. त्याच्या अतिनील दिव्याला सहा महिने होत आले होते, तेवढा नवा घ्यायला सांगितलं.